नुसता मोबाइल हातात देऊन भागत नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांच्या धर्तीवर आजच्या बायका दाखवणारी तुझी रेखाटने पाहिली. किमोनो, उंच अंबाडा, त्यात खोचलेले काटे आणि हातात मोबाइल. दुसरीच्या हातात कॉफीचा कागदी पेला, तिसरीच्या कानात इअरफोन. तुझी रेषा चांगली आहे, पण तिन्ही चित्रांत कल्पना एकच आहे आणि ती पहिल्या चित्रातच संपते. बघणारा हसतो आणि पुढे जातो. शिवाय वाट मळलेली आहे. चित्रकार मासामी तेराओका यांनी १९७० च्या दशकात उकियो-ए, म्हणजे याच जुन्या ठसेचित्रांच्या, धाटणीत किमोनो आणि हॅम्बर्गर एका चित्रात आणले, पुढे एड्सच्या साथीवर त्याच धाटणीत मालिका केली. त्यांच्या विनोदाला धार होती, कारण त्यामागे अस्वस्थता होती. तुझ्या मोबाइलमागे सध्या काहीच नाही.

बिजिन-गा, म्हणजे सुंदर स्त्रियांची ही चित्रे, आपल्याला जुनी वाटतात. काढली तेव्हा ती त्या हंगामातली होती. हारुनोबू या चित्रकाराने १७६० च्या दशकात एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, कासामोरी देवस्थानापाशी चहा देणाऱ्या ओसेनला काढले. उतामारो या चित्रकाराच्या १७९३ च्या सुमाराच्या प्रसिद्ध त्रयीत ओकिता आणि ओहिसा या चहाच्या दुकानांतल्या मुली आहेत, तिसरी तोयोहिना ही गेशा, म्हणजे गाण्या-वाजवण्याने मन रमवणारी कलावंतीण. चित्र विकत घेणारा उद्या त्या दुकानात जाऊन चहा पिऊ शकत होता. १७९३ मध्ये सरकारने अशा सामान्य मुलींची नावे चित्रावर छापायला बंदी केली, तेव्हा उतामारोने कोपऱ्यात चित्रकोडी घालून नावे सुचवली. १७९६ मध्ये त्यावरही बंदी आली. १८०० मध्ये तर सुंदरींच्या मोठ्या चेहऱ्यांच्या चित्रांवरच गदा आली.

त्याच उतामारोचे ‘पोप्पेन’ फुंकणाऱ्या मुलीचे चित्र समोर ठेव. पोप्पेन हे काचेचे खेळणे, फुंकले की टकटक वाजते. तेव्हाची नवलाईची वस्तू, म्हणजे तुझ्या मोबाइलच्याच जातीची. पण चित्र खेळण्याचे नाही. तिने मान अर्धी वळवली आहे, ओठ नळीला लागले आहेत, लक्ष भलतीकडे आहे. वस्तूमुळे शरीराला जे वळण येते, ते त्याने पकडले.

हेच तुझ्या मोबाइलला लावून बघ. एदोच्या रसिकांना मानेचा मागचा भाग, जिथे केस संपून कॉलर सुरू होते ती जागा, चेहऱ्याइतकीच मोलाची वाटे. मोबाइलवर वाकलेली आजची बाई नेमकी तीच जागा उघडी करते! तेव्हा चित्र छातीपाशी काप, मोबाइल चौकटीबाहेर जाऊ दे आणि फक्त हनुवटीखाली फिकट निळी छटा ठेव. किमोनोची गरजच उरत नाही. टोकियोच्या मेट्रोतली असो की आपल्या डोंबिवली लोकलमधली, मान तशीच वाकते.

विसाव्या शतकातले दोन नमुने शेजारी ठेवून बघ. हाशिगुची गोयो यांचे १९२० चे केस विंचरणाऱ्या स्त्रीचे चित्र कारागिरीत अजोड आहे, पण त्याचे मन मागे वळलेले. कोबायाकावा कियोशी यांचे १९३० चे ‘होरोयोई’, म्हणजे किंचित झिंगलेली: कापलेले केस, बोटांत सिगारेट, समोर मद्याचा पेला. पद्धत तीच पारंपरिक लाकडी ठशांची, बाई मात्र त्या संध्याकाळची. माझे मत विचारशील तर तू दुसऱ्याकडून शिकावेस. आणि योशिवारा या एदोतल्या वेश्यावस्तीच्या गणिकांची चित्रे नकलताना हेही विसरू नकोस की त्यातल्या बहुतेकींना लहानपणीच कर्जापायी विकलेले होते. भरजरी पोशाखाची नुसती नक्कल केलीस तर तेव्हाची जाहिरातच पुन्हा छापशील.

किमोनो काढायचाच असेल तर दोन गोष्टी पक्क्या ठेव. नेसणारीची डावी बाजू उजवीवर येते. उलटे नेसवतात ते प्रेताला. आणि ओबीची, म्हणजे किमोनोवरच्या रुंद कमरपट्ट्याची, गाठ पुढे असेल तर जपानी प्रेक्षक तिला गणिका समजेल. पहिली चूक नवख्यांकडून छपाईत होते, कारण छाप उलटा उमटतो. म्हणून पातळ कागदावरचे रेखाटन कोरायच्या फळीवर पालथेच चिकटवायचे. कागद वाळला की मागचा थर ओल्या बोटाने हळूहळू चोळून काढ आणि तेलाचा हलका हात दे, रेषा स्पष्ट दिसतात.

लाकडाबद्दल. जपानी कारागीर डोंगरी चेरी वापरत, कारण तिचे कण बारीक आणि एकसारखे असतात. सागाची छिद्रे मोठी, केसाएवढी रेषा त्यात तुटते. एमडीएफ पाण्याने फुगते. लिनोलियमवर पाण्याचा रंग थेंबाथेंबाने गोळा होतो. घट्ट, बारीक कणांची फळी मिळेपर्यंत साध्या प्लायवर सराव कर, पण रेषा एक मिलिमीटरहून बारीक ठेवू नकोस, वरचा थर उडतो.

कोरताना सुरी रेषेपासून बाहेर कललेली हवी, म्हणजे रेषेचा पाया रुंद आणि माथा अरुंद राहतो. सरळ उभी कोरलेली रेषा दहा-वीस छापांत ढासळते. सगळ्यात अवघड केस. जुन्या कारखान्यांत डोकी कोरणारा कारागीर वेगळा, कपडे कोरणारा वेगळा असे. कपाळाशी केस एकेक सुटे दिसतात, वर जाऊन एका काळ्या पट्ट्यात मिसळतात. आजचे मोकळे केस कोरताना सगळे सुटे दाखवायचा मोह आवर. कपाळ, कान आणि मान एवढ्याच ठिकाणी केस मोकळे कर, बाकी सपाट काळे. चेहऱ्यावर सावली नको, नाकाला एकच रेष. कपड्यावरची नक्षी चुण्यांबरोबर वाकवू नकोस, ती सपाटच राहू दे. या सपाटपणामुळेच छापील टी-शर्ट या शैलीत अगदी सहज बसतो.

पहिल्या चित्राला तीन फळ्या पुरे, एक काळ्या रेषेची, दोन रंगांच्या. आकार साधारण २६ × १९ सेंटीमीटर ठेव. कागद जुळवायला केन्तोच्या खुणा: उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी खाच, डावीकडे त्याच कडेला सरळ खाच. आधी रेषेची फळी पूर्ण कोर, खुणांसकट तिचे छाप पातळ कागदावर घे आणि तेच रंगाच्या फळ्यांवर पालथे चिकटव. खळ पाणचट असेल तर हा कागद ताणतो आणि रंग रेषेबाहेर सांडतो. मग दोष छपाईला देतात, मूळ मात्र इथे असते.

खळ घरी कर: एक भाग तांदळाची पिठी, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळ. कागद तुतीच्या धाग्याचा, सरस-तुरटीचा हात दिलेला घे. आदल्या रात्री एकाआड एक ताव ओला करून गठ्ठा प्लास्टिकमध्ये वजनाखाली ठेव. छापताना कागद हाताला गार लागावा, ओला नव्हे. फळीवर रंग आणि खळीचा छोटा ठिपका टाकून ब्रशने एकजीव पसर, मग बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या बारेन या गोल चकतीने मागून दाब दे. छाप तिळासारखा ठिपकेदार आला तर कागद कोरडा आहे किंवा खळ कमी. रेषेच्या कडेला रंग साचला तर रंग जास्त. ब्रशचे फराटे आणि चकाकी दिसली तर खळ जास्त.

हनुवटीखालच्या निळ्या छटेसाठी फळीचा तो भाग ओल्या फडक्याने पुसून घे आणि ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग लाव. दर छापाला हे नव्याने करावे लागते, त्यामुळे वीस प्रती एकसारख्या येणार नाहीत. येऊही नयेत. पार्श्वभूमीला उतामारोसारखे अभ्रक लावायचा विचार कळला. करून बघ, पण सगळे रंग झाल्यावर, आणि कण बारीक चाळून. जाड कण रेषेवर बसले की चेहरा मळका दिसतो.

रंगाच्या फळ्या कोरण्याआधी नुसत्या काळ्या रेषेचे दोन छाप पाठव. मानेची रेषा मला आधी बघायची आहे.

कळावे.