सरकारने घेतलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर जमा झाला, आता पुढे?

भाऊ, समृद्धी महामार्गात आमच्या शिवारातल्या जमिनी गेल्या, तेव्हाही तुझ्यासारखीच सगळ्यांची झोप उडाली होती. म्हणून कळकळीने सांगतो, पहिले सहा महिने मोठा खर्च करूच नकोस. गाडी, बंगला, पोरीचं थाटामाटातलं लग्न, सगळं थांबू शकतं.

आधी बहिणींचं बोल. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क 2005 पासून मुलांइतकाच आहे. हक्कसोडपत्रावर घाईघाईने अंगठे घेऊन वाचवलेला पैसा पुढे कोर्टाच्या तारखांत जातो, आणि दिवाळीला माहेरी येणारी बहीण कायमची तुटते. मला हे फार लागतं. वाटा आपणहून दे.

पैसा एकाच ठिकाणी ठेवू नकोस. बँक बुडाली तर एका बँकेतल्या तुझ्या सगळ्या ठेवी मिळून, व्याज धरून, 5 लाखांपर्यंतच विमा आहे. पतपेढीला तर तोही नाही. जास्त व्याज देतो म्हणून एजंट ओट्यावर येऊन बसेल, त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. 2013 च्या भूसंपादन कायद्याखालच्या मोबदल्यावर सहसा प्राप्तिकर नसतो, पण ठेवीच्या व्याजावर असतो. सीएला विचार.

दुसरी जमीन बघत असशील तर सातबारा, फेरफार म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट म्हणजे जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय इसाराची आगाऊ रक्कम देऊ नकोस. आणि खातं वहिनींसोबत संयुक्त कर, दोघांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही असं. उसने मागणाऱ्यांना नाही म्हणायला तेवढाच आधार.