आई-बाबांना घेऊन बारा दिवसांत कॅरिबियनमधली चार-पाच बेटं करायची आहेत. दोघेही साठीपुढचे आणि शुद्ध शाकाहारी. सहल कशी आखावी?

चार-पाच बेटांचा विचार आधी सोडा. बारांपैकी तीन-चार दिवस भारतातून जाण्यायेण्यातच जातात. नकाशावर ही बेटं एकमेकांना खेटून दिसत असली तरी बहुतेक बेट म्हणजे वेगळा देश. प्रत्येक ठिकाणी छोटं विमान, पुन्हा इमिग्रेशनची रांग, पुन्हा बॅगा. एक विमान लांबलं की अख्खा दिवस गेला. साठीपुढच्या माणसांचा यात जीव जातो आणि हाती लागतात ते विमानतळ.

माझं मत विचाराल तर त्रिनिदाद आणि टोबॅगो करा. देश एकच, बेटं दोन, आणि दोघांचा स्वभाव पूर्ण वेगळा. मी नोकरीनिमित्त काही वर्षं त्रिनिदादमध्ये कूव्हाजवळ राहत होतो. शाकाहारी आई-वडिलांना घेऊन जायला कॅरिबियनमध्ये याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

पण हॉटेलं बघण्याआधी एक काम करा. पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदादचं नाव आहे. परत येताना लशीचं प्रमाणपत्र जवळ नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. मात्र साठीनंतर ती पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणून आई-बाबांना आधी डॉक्टरांकडे न्या, सगळ्या औषधांची यादी दाखवा आणि मगच ठरवा. डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट करू नका, सरळ बार्बाडोसला जा. लंडनहून थेट विमान आहे आणि ते बेट या यादीत नाही.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदादला 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्यापूर्वी वकिलातीकडून ताजी खात्री करून घ्या. खरी अडचण वाटेतली असते. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसेल तर युरोपमार्गे या, आणि लंडनवरून येत असाल तर तिथले ट्रान्झिटचे नियमही बघून ठेवा.

जायचं कधी? एप्रिल-मे. जानेवारी ते मे तिथला कोरडा हंगाम. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. त्रिनिदाद इतकं दक्षिणेला आहे की मोठी वादळं सहसा त्याच्या उत्तरेकडून जातात, पण पावसाळा तो पावसाळाच. कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘ॲश वेन्सडे’ या ख्रिस्ती उपवासाच्या बुधवाराआधीच्या सोमवार-मंगळवारी असतो. तो बघण्यासारखा आहे यात शंका नाही, पण त्या आठवड्यात खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात आणि पहाटेपासून रस्त्यावर उभं राहायची ताकद लागते. आई-बाबांसोबत तो नको. मेअखेरपर्यंत थांबता आलं तर 30 मेचा दिवस पाहा. 1845 मध्ये याच तारखेला ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, घेऊन इथे पोचलं. 1917 पर्यंत आलेल्यांची संख्या 1,40,000 च्या वर गेली. आज तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

त्या लोकांमुळेच जेवणाची चिंता नाही. सकाळी सात वाजता कुठल्याही नाक्यावर ‘डबल्स’ची गाडी दिसेल. विक्रेता कागदावर दोन मऊ, पिवळसर ‘बारा’, म्हणजे तळलेल्या पुऱ्या, एकमेकांवर थोड्या चढवून टाकतो, त्यावर पातळसर चण्याची आमटी, चिंचेची चटणी, काकडी, आंब्याचं तिखट कुचेला. मग मान वर न करता विचारतो, तिखट किती? ‘स्लाइट’ म्हणा. तिथली मिरची नावालाच छोटी आहे, आपल्या ठेच्यावर वाढलेल्यांनीही पहिल्या दिवशी जपून राहावं. कागदाला पीळ देऊन पुडी हातात येते आणि उभ्याउभ्याच खायची. नंतर दुसरी मागवाल याची मला खात्री आहे. दक्षिणेकडे डेबेला रस्त्याच्या कडेने सगळी अशीच दुकानं आहेत: साहिना, फुलौरी, कचोरी, आलू पाय. दुपारी डाळपुरी किंवा ‘बस-अप-शट’ म्हणजे कुस्करलेला पराठा, सोबत भोपळा, भाजी, चणा-आलू. सकाळी साधा रोटी आणि भाजलेल्या वांग्याचा किंवा टोमॅटोचा चोका.

एका पदार्थाला मात्र विचारून हात लावा. ‘कॅलालू’ अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध घालून शिजवतात. दिसायला आणि चवीला आपल्या अळूच्या फदफद्याच्या अगदी जवळचं. आईला बघताक्षणी आवडेल. पण त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी असते. नुसतं ‘व्हेजिटेबल आहे का’ असं विचारू नका, ‘यात खेकडा, मांस काही आहे का’ असं नाव घेऊन विचारा.

बघायचं काय? त्रिनिदादमधल्या वॉटरलू गावचं समुद्रातलं देऊळ चुकवू नका. सिवदास साधू हा उसाच्या मळ्यातला मजूर. त्याने किनाऱ्यावर देऊळ बांधलं, पण जमीन साखर कंपनीची निघाली. 1952 मध्ये देऊळ पाडलं गेलं आणि त्याला चौदा दिवस तुरुंगात धाडलं. सुटून आल्यावर त्याने ठरवलं, जमीन कुणाच्या तरी मालकीची असते, समुद्र नसतो. मग सायकलवरून दगड-माती वाहून वर्षानुवर्षं समुद्रात भर घातली आणि त्यावर देऊळ उभं केलं. आज दिसतं ते 1990 च्या दशकातलं नवं बांधकाम आहे, पण जागा तीच. भरती बघून जा. ओहोटीला भोवती नुसता चिखल असतो. तिथून जवळच कारापिचैमाला दत्तात्रेय मंदिर आहे आणि त्याच्या आवारात 85 फुटी हनुमान. दत्तभक्तांच्या घरातून येणाऱ्यांना पृथ्वीच्या त्या टोकाला दत्ताच्या पायांवर डोकं ठेवताना काय वाटतं, ते मी माझ्या आईच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

बाबा क्रिकेटवाले असतील तर राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर न्याच. 1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा इथेच हरवलं. सरदेसाईंचं शतक, आणि पदार्पणात गावसकर 65 व नाबाद 67. त्याच दौऱ्यात त्याच मैदानावर पुढे 124 आणि 220.

कॅरोनीच्या दलदलीतली बोट आई-बाबांना सगळ्यात सोपी. दुपारी चारच्या सुमारास निघते, बसूनच सगळं बघायचं. सूर्य कलताना स्कार्लेट आयबिस या लाल पक्ष्यांचे थवे खारफुटीवर उतरतात आणि हिरवं झाड बघता बघता लालभडक होतं. ला ब्रेआचं डांबराचं तळं वेळ उरला तर, आणि वाटाड्याशिवाय नको.

मार्च ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एक रात्र ग्रांद रिव्हिएरला ठेवा. वाट वळणांची आणि लांब आहे, पण राहायच्या जागा किनाऱ्यालाच लागून असल्याने अंधारात वाळूतून फार चालावं लागत नाही. लेदरबॅक कासवं तिथे अंडी घालतात. वेळासला ऑलिव्ह रिडले पाहिलं असेल तर तो आकार विसरा. हे धूड तीन-चारशे किलोंचं. मागच्या वल्ह्याने ती ओंजळभर वाळू अलगद उचलते, बाजूला टाकते, मग दुसऱ्या वल्ह्याने तेच, आणि हातभर खोल खड्डा होतो. अंडी घालायला लागली की वाटाड्या लाल दिवा लावून जवळ बोलावतो. परवाना लागतो, फ्लॅश चालत नाही.

त्रिनिदादचा समुद्र पाहून निराश होऊ नका. ओरिनोको नदीच्या गाळाने तो बराच मातकट असतो. निळं पाणी टोबॅगोला. विमानाने जेमतेम पंचवीस मिनिटं. बोट स्वस्त, पण तिला काही तास लागतात आणि ती हलते, तेव्हा विमानानेच जा. पिजन पॉइंट किंवा स्टोअर बेवरून काचेच्या तळाची बोट बुकू रीफवरून ‘नायलॉन पूल’ला नेते. भर समुद्रात कमरेएवढं स्वच्छ पाणी, पायाखाली पांढरी वाळू. पोहता न येणारेही निवांत उभे राहतात. एक सकाळ मेन रिजच्या जंगलाला द्या. 1776 पासून कायद्याने राखलेलं आहे ते.

सुरक्षिततेचं स्पष्ट सांगतो. त्रिनिदादमध्ये टोळ्यांचे खून ही गंभीर समस्या आहे; डिसेंबर 2024 मध्ये आणीबाणीही जाहीर झाली होती. शिवाय व्हेनेझुएलाचा किनारा जेमतेम 11 किलोमीटरवर, तेव्हा निघण्याआधी तिकडच्या बातम्या बघा. राहायला सेंट क्लेअर किंवा मरावलची बाजू निवडा, रात्री पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पायी हिंडू नका, आणि सगळ्या दिवसांसाठी ओळखीतून एकच ड्रायव्हर ठरवा. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते.

चार रात्री त्रिनिदाद, चार टोबॅगो, आणि परतीच्या विमानाआधीची रात्र पुन्हा त्रिनिदादच्या पिआर्को विमानतळाजवळ, म्हणजे टोबॅगोचं विमान लांबलं तरी पुढचं चुकणार नाही. ईस्टरच्या आसपास जाणार असाल तर टोबॅगोची तिकिटं आधीच काढा. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बुकूला बकऱ्यांच्या शर्यती असतात आणि अर्धं त्रिनिदाद तिकडे लोटतं.