दसऱ्याचा झेंडू: तारीख चुकली की भाव गेला

प्रश्न: दोन्ही वर्षी 10 ऑगस्टलाच झेंडू लावला. 2024 च्या दसऱ्याला पैसे झाले, 2025 ला सणाच्या दिवशी झाडावर नुसत्या कळ्या होत्या. फुलं आली तेव्हा भाव उतरला होता. सणाच्या भरवशावर शेती करावी की नाही?
(एक शेतकरी, सोलापूर जिल्हा)

उत्तर: करावी, पण इंग्रजी तारीख धरून नव्हे. दसरा 2023 मध्ये 24 ऑक्टोबरला होता, 2024 मध्ये 12 ला आणि 2025 मध्ये 2 ला. तिथी दर वर्षी दहा-बारा दिवस आधी येते आणि अधिक महिना पडला की एकदम पुढे जाते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दसरा 20 ऑक्टोबरला आहे. तुमच्या प्लॉटला 2024 मध्ये सणापर्यंत 63 दिवस मिळाले, 2025 मध्ये 53. तेवढ्यात पैसे गेले.

म्हणून दसऱ्यापासून उलटं मोजा. संकरित आफ्रिकन झेंडूचा पहिला तोडा (फुलांची तोडणी) लागणीनंतर साधारण 55 दिवसांनी येतो, फुलांचा भर 65 ते 75 दिवसांत असतो. मोठा तोडा 18 ऑक्टोबरला हवा, तर लागण 5 ते 10 ऑगस्टला बसते. त्याआधी ट्रेमध्ये रोपाला वीस-बावीस दिवस लागतात. बी जुलैच्या मध्यात पडलं पाहिजे. शेंडा लागणीनंतर 20 ते 25 दिवसांत खुडा. त्यानं फुटवे वाढतात, पण फुलं आठवडाभर लांबतात, तेव्हा खुडणार असाल तर लागण 5 ऑगस्टकडे ओढा. उशिरा खुडणं हे न खुडण्यापेक्षा वाईट.

गादीवाफ्यावर (उंच वाफ्यावर) चार फूट बाय सव्वा फूट लावलं तर एकरी सुमारे 8,700 रोपं बसतात. याहून दाट लावलं तर पावसात हवा खेळत नाही, पानांवर करपा येतो आणि कळ्या सडतात. युरिया सढळ टाकला की झाड नुसतं पालेदार होतं, फुलं मागे पडतात, वाऱ्यात झाडं लोळतात. सप्टेंबरात मुळाशी पाणी साचलं तर उभं झाड मरतं. चर आधीच काढून ठेवा.

आता बाजाराचं. दसऱ्याचा बाजार म्हणजे दोन-तीन दिवसांचा खेळ. फूल साठवता येत नाही आणि पुण्याच्या गुलटेकडीत, मुंबईच्या दादरला सगळ्यांचा माल एकाच रात्री उतरतो. सण मागणी देतो, भावाची हमी देत नाही. सगळा प्लॉट दसऱ्यावर लावू नका. निम्मी लागण 15 ते 18 दिवस उशिरा करा. लक्ष्मीपूजन दसऱ्यानंतर 19-20 दिवसांनी येतं, तो दुसरा बाजार. आणि तोडायच्या आदल्या दिवशी हिशेब मांडा: किलोमागे तोडणीची मजुरी, क्रेट, गाडीभाडं, हमाली. भाव त्याखाली असेल तर तोडूच नका. दसऱ्याच्या दुपारी रस्त्याकडेला ओतलेल्या झेंडूची मजुरी आधीच दिलेली असते.

फुलं दव सुकल्यावर तोडा. ओला माल पोत्यात दाबला की आतून गरम होतो आणि बाजारात पोचेपर्यंत काळा पडतो. सावलीत तास-दोन तास पसरून क्रेटमध्ये भरा.

टोमॅटो लावत असाल तर झेंडू त्यातच बसवा: टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक. झेंडूचं रोप 40 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं घ्यावं, म्हणजे दोन्ही एकदम फुलतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोऐवजी झेंडूवर अंडी घालतो. झेंडूचा भाव पडला तरी हे काम होतं. मात्र अंडी-अळ्यांनी भरलेली फुलं वेळच्या वेळी तोडून नष्ट करायला हवीत. नाहीतर तुम्ही अळी पाळताय.

प्रश्न: दसऱ्याला सकाळी झेंडू महाग आणि दुपारी निम्म्यावर. ही फसवणूक नाही का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही. विक्रेत्याला संध्याकाळी उरलेल्या मालाचं काहीच करता येत नाही, त्यामुळे न विकल्या जाणाऱ्या फुलांची किंमत तो सकाळच्या भावात घालतो. शेतकऱ्याला मात्र आदल्या रात्रीच्या घाऊक भावाने पैसे मिळतात, सकाळच्या चढ्या भावातलं काही त्याच्याकडे जात नाही. आदल्या दिवशी घेतलीत तर सुटी फुलंच घ्या, टोपलीत पसरून वर ओलसर फडकं टाका. पाणी शिंपडू नका, पाकळ्या डागाळतात.