गणपतीनंतर जैसलमेर : वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या गर्दीआधी राजस्थान गाठू पाहणाऱ्या वाचकांची या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली बहुतेक जैसलमेरबद्दल आहेत, म्हणून हा अंक त्याच शहरासाठी.

प्रश्न : मंडळाची विसर्जन मिरवणूक झाल्यावर, सप्टेंबरअखेर जैसलमेरला जायचं ठरवलंय. जो तो म्हणतो डिसेंबरात जा. आमचा बेत चुकतोय का? (सदाशिव पेठ)

चुकत नाही. मात्र डिसेंबरातलं वेळापत्रक उचलून सप्टेंबरात वापरलंत तर हाल होतील. सप्टेंबरअखेर तिथे दुपारचा पारा साधारण 36 ते 38 अंशांवर असतो, एखाद्या दिवशी चाळिशीही गाठतो. पहाटे तो 24-25 पर्यंत उतरतो. ऑक्टोबरच्या मध्यालाही दुपार फारशी निवत नाही, पहाट मात्र विशीकडे सरकते. तेव्हा या दिवसांत आपल्या हाती सकाळ आणि संध्याकाळ लागते. दुपार वजाच धरायची.

पश्चिम राजस्थानातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर. त्यानंतर हवा झपाट्याने कोरडी होते. पुण्यात घाम अंगावर राहतो, कपडे चिकटतात, आणि उकडतंय हे कळतं. तिथे घाम फुटल्याफुटल्या उडून जातो. अंग कोरडं, तहानही बेताची, आणि तरी शरीरातलं पाणी चाललेलं असतं. पहिल्याच संध्याकाळी डोकं धरतं, मळमळतं, ते याच्यामुळे.

विसर्जनानंतर निघण्याचा तुम्हाला एक मोठा फायदा आहे. पोकरणजवळ रामदेवरा इथे बाबा रामदेवांची जत्रा भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत भरते. त्या दिवसांत जोधपूर-जैसलमेर गाड्या खच्चून भरतात आणि हमरस्त्याच्या कडेने पायी यात्रेकरूंची रांग असते. अनंत चतुर्दशीनंतर हे सगळं ओसरलेलं असतं. पुढचा पितृपंधरवडा सर्वांत मोकळा. नवरात्रापासून दुर्गापूजेच्या सुटीतले बंगाली पर्यटक मोठ्या संख्येने येऊ लागतात आणि खोल्यांचे दर चढतात. ज्या वर्षी गणपती लवकर येतात त्या वर्षी मात्र लगेच निघू नका. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऊन आणि दमटपणा दोन्ही असतात. नवरात्राच्या तोंडावर जा.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, हे धरून तारखा ठरवा.

प्रश्न : दोन पूर्ण दिवस हातात आहेत. काय, कधी आणि कोणत्या क्रमाने बघावं? (कोथरूड)

आधी सूर्याचा हिशेब. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे सप्टेंबरअखेर तिथे सूर्य साडेसहाच्या पुढे उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्याच पुढे मावळतो. खरा मध्यान्ह घड्याळात पाऊणच्या आसपास येतो. सर्वांत कडक ताप त्याच्याही नंतर, तीन ते चारच्या दरम्यान. 'जेवून, जरा पडून तीनला निघू' हा आपला नेहमीचा बेत तिथे नेमका भट्टीत नेऊन सोडतो. साडेअकरा ते साडेचार खोलीत राहा, आणि अपराधी वाटून घेऊ नका.

पहिल्या दिवशी सव्वासहाला गडीसर तलावावर पोचा. काठावरची छोटी मंदिरं, छत्र्या आणि टीलों की पोल ही कमान कोवळ्या उन्हात बघून घ्या. एके काळी सारं शहर या तलावाच्या पाण्यावर जगत होतं, आणि सप्टेंबरात तो भरलेला असतो. नाश्ता करून आठच्या सुमारास किल्ल्यावर.

रावळ जैसल याने 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. तटाला 99 बुरूज आहेत आणि आत आजही काही हजार माणसं राहतात. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे चार दरवाजे ओलांडून दशहरा चौकात पोचता. चढ मोठा नाही, पण फरसबंदी वापरून गुळगुळीत झाली आहे. पातळ तळव्याच्या चपला घालू नका. वर पोचल्यावर बहुतेक जण आधी राजमहालात शिरतात. तसं न करता थेट जैन मंदिरांकडे जा. सात मंदिरांचा हा समूह जैनेतरांसाठी सहसा दुपारी बारापर्यंतच उघडा असतो, महाल नंतरही बघता येतो. कातडी पट्टा, पाकीट, पर्स आत नेता येत नाही, तेव्हा त्या दिवशी कापडी पिशवी घ्या. अनवाणी पायांना अंगणातला दगड दहानंतर चटके देतो, म्हणून खिशात मोज्यांचा जोड ठेवा. पाच वाजता सहा किलोमीटरवरच्या बडा बागेत जा. जैसलमेरच्या भाटी राजांच्या स्मारक-छत्र्यांचा पिवळा दगड उतरत्या उन्हात उजळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवेल्या. गल्ल्या अरुंद असल्याने सावली मिळते, म्हणून इथे साडेअकरापर्यंत रेंगाळलं तरी चालतं. पटवों की हवेली म्हणजे एका घराण्याच्या पाच हवेल्या. त्यांतला एक भाग खासगी संग्रहालय आहे आणि दुसरा सरकारी, त्यामुळे तिकिटं दोन. वेळ कमी असेल तर एकच करा, पण 1885 सालची नथमल हवेली चुकवू नका. हाथी आणि लालू या दोन भावांनी तिचा उजवा आणि डावा भाग वेगवेगळा कोरला. दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण एकेका झरोक्यावर नजर ठेवून जुळवू लागलात की फरक सापडत जातात. तिच्यासमोर अर्धा तास तरी उभं राहा. संध्याकाळी कुलधरा या ओसाड गावामार्गे समच्या वाळूच्या टेकड्यांवर.

प्रश्न : आई 70 वर्षांची आहे. रक्तदाबाच्या गोळ्या आणि इन्सुलिन चालू आहे. तिला न्यावं का? (हडपसर)

नेता येईल, पण निघण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात. उष्ण प्रदेशात त्यांचा डोस तोच ठेवायचा का? आणि क्षारसंजीवनी (ओआरएस) किती घ्यावी? या दोन्हींचा निर्णय स्वतः करू नका.

बाकीच्यांनी दिवसाला साडेतीन-चार लिटर पाणी धरावं, तेही बाहेर असताना दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. तहान लागण्याची वाट बघू नये. नुसतं पाणीच पाणी प्यायल्यानेही थकवा येतो, कारण घामातून मीठही जातं. क्षारसंजीवनीचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचं असतं. अर्ध्या बाटलीत ओतलं तर प्रमाण दुप्पट होतं आणि अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह्यांनी यातली साखर लक्षात ठेवावी. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

वापरातलं इन्सुलिन 30 अंशांखाली राहायला हवं. उभ्या गाडीत ते अर्ध्या तासातही बिघडू शकतं. ओलसर कापडी पाउच किंवा मातीचं छोटं मडकं तिथे चांगलं काम करतं, कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि आतला भाग गार राहतो. पावसाळी पुण्यात हाच उपाय फिका पडतो.

बोलणं असंबद्ध होणं, अंग तापणं, तोल जाणं ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट रुग्णालय गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : किल्ल्यातच राहावं अशी खूप इच्छा आहे. कोणती खोली घ्यावी? (औंध)

आमचं मत स्पष्ट आहे : किल्ल्यात राहू नका. ज्या टेकडीवर तो उभा आहे तिच्या थरांत पाण्याने फुगणारी माती आहे. शतकानुशतकं इथे डोक्यावरून आणलेलं थोडंसं पाणी वापरलं जाई. नळ आले, पाठोपाठ न्हाणीघरं आणि शौचालयं वाढली, आणि सांडपाणी किल्ल्याच्या पायात झिरपू लागलं. माती फुगते, आक्रसते, आणि वरचे बुरूज व भिंती खचतात. 2013 मध्ये हा किल्ला राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारशात गेला, पण हा धोका टळलेला नाही. आत राहणाऱ्या कुटुंबांचं ते घर आहे. आपली दोन वेळची अंघोळ तिथे व्हायलाच हवी असं नाही. आत जेवा, खरेदी करा, मार्गदर्शक घ्या, म्हणजे त्यांचा रोजगार टिकतो. मुक्काम खाली, किल्ला दिसेल अशा जागी.

खोली निवडताना लोक सर्वांत वरच्या मजल्यावरची, गच्चीला लागून असलेली मागतात. डिसेंबरात ती उत्तम. सप्टेंबरात छताचा दगड दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत राहतो. मधल्या मजल्यावरची, उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे खिडकी असलेली खोली मागा. पश्चिमेची नको. पावसानंतर डास असतात, तेव्हा खिडकीला जाळी आहे का तेही विचारा.

प्रश्न : समला तंबूत रात्र काढावी का? उंटावर बसायची भीती वाटते. (सिंहगड रस्ता)

समचे अनेक कॅम्प ऑक्टोबरपासूनच नीट सुरू होतात. सप्टेंबरात आधी फोन करून खात्री करा. कापडी तंबू दुपारी तापतो, म्हणून पाचच्या आत पोचू नका. मुक्काम नको असेल तर सूर्यास्त बघून 40-42 किलोमीटर परतणं सहज जमतं. गाणीबजावणी नको असेल तर खुहडी गावाची वाळू शांत आहे.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे आपण पुढे फेकले जातो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही झोक पुढेच जातो. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगीर घट्ट धरायचं. साडी नको, सलवार किंवा पँट बरी. अर्धा तास पुरे होतो.

अंधार पडल्यावर सँडल घालून वाळूत हिंडू नका. तिथे फुरसं हा विषारी साप आढळतो आणि तो रात्री बाहेर पडतो. बंद बूट, हातात विजेरी, आणि सकाळी बूट झटकून घालणं एवढं पुरतं.

जाताना कुलधरापाशी थांबाल तेव्हा भुताच्या गोष्टींत वेळ दवडू नका. हे गाव पालीवाल ब्राह्मणांचं. त्यांनी खडीन नावाची शेती इथे रुजवली. उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालून पावसाचं वाहतं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. पाऊस बरा झाला असेल तर सप्टेंबरअखेर या भागातल्या खडीनांत पाणी उभं असतं. चालकाला आधी सांगून ठेवलंत तर रस्त्यालगतची एखादी दाखवतो.

प्रश्न : पुण्याहून कसं जावं? (चिंचवड)

पुण्याहून जोधपूरला थेट रेल्वे आहे. तिकिटावर 'भगत की कोठी' लिहिलं असेल तर ते जोधपूरचंच दुसरं स्थानक, मुख्य स्थानकापासून काही किलोमीटरवर. पुढची गाडी कुठून सुटते ते बघूनच मधला वेळ ठेवा. जोधपूर ते जैसलमेर रस्त्याने सुमारे 280 किलोमीटर, पाच तास. या मोसमात रात्रीची रेल्वे घेतलेली बरी, म्हणजे पहाटे उतरून थेट गडीसरला जाता येतं.