सांगोल्याचे गणपतराव देशमुख कोण होते? त्यांची राजकीय वाटचाल कशी झाली?

सोलापूर जिल्ह्यात त्यांना सगळे 'आबा' म्हणायचे. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, शिक्षणाने वकील. शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. पक्ष राज्यभर आटत गेला तरी आबांनी लाल बावटा सोडला नाही, हे मला सगळ्यात विशेष वाटतं.

सांगोल्यातून पहिल्यांदा आमदार झाले 1962 ला. त्यानंतर 2014 पर्यंत एकाच मतदारसंघातून 11 विजय, त्यात 1974 ची पोटनिवडणूकही आली. हरले फक्त दोनदा, 1972 ला आणि 1995 ला. 1995 ला पाडणारे शहाजीबापू पाटील, तेच 'काय झाडी, काय डोंगार'वाले! मंत्रिपदही दोनदा मिळालं: 1978 च्या पवार सरकारात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या काळात.

पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एसटीतून मुंबईला जाणं. अकरा वेळा आमदार झालेला माणूस लाल डब्यात खिडकीशी बसलेला, हे आजच्या गाड्यांच्या ताफ्यांसमोर खोटं वाटेल. कायम दुष्काळी तालुका, त्यामुळे पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावरही लावून धरला. सांगोल्यातली सहकारी सूतगिरणी त्यांनीच उभी केली.

2019 ला वयामुळे थांबले. 30 जुलै 2021 ला गेले. 2024 ला नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच निवडून आले.