तेय्यम (उत्तर केरळातला, माणूस देवाचं रूप घेऊन नाचतो तो पूजाविधी) बघायला कन्नूरला कधी जावं? जून-जुलैत सुट्टी मिळतेय, चालेल का?

जून-जुलैत नका जाऊ, डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. तेय्यमचा सीझन मल्याळी तुलाम महिन्याच्या १० तारखेपासून, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो आणि मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला वळपट्टणमच्या कळरिवातुक्कल देवळात संपतो, मग पावसाळ्यात काव, म्हणजे त्यांची गावदेवळं, शांत असतात. मी कन्नूरलाच नोकरीला आहे म्हणून खात्रीने सांगतोय.

जमलं तर रात्रीच पोचा, बरेचसे तेय्यम मध्यरात्रीनंतर आणि पहाटे असतात, आणि नुसता नाच बघून परत येऊ नका, आधी रंगवायचं काम बघा. कलाकार जमिनीवर उताणा झोपतो आणि दुसरा माणूस बारीक काडीने त्याच्या तोंडावर नक्षी काढतो, मोठ्या तेय्यमला तासन् तास जातात. शेवटी मुकुट चढवला की हातात आरसा देतात, त्यात स्वतःला बघितलं की तो माणूस देव झाला असं मानतात, तिथून चेंडा, म्हणजे तिथला ढोल, जोरात वाजायला लागतो आणि म्हातारी माणसंसुद्धा हात जोडून पुढे येतात. हा शो नाहीये, पूजा आहे, फ्लॅश मारू नका प्लीज.

फक्त एक, सुट्टी बदलताच येत नसेल तर परश्शिनिकडवूला जा, कन्नूरपासून साधारण २० किमी. तिथे मुत्तप्पन या तिथल्या लोकदेवाचं तेय्यम जवळपास वर्षभर रोज होतं, प्रसादाला उकडलेलं कडधान्य आणि चहा मिळतो. पण मोठे मुकुट, आगीतले तेय्यम तिथे नाही दिसणार, त्यासाठी सीझनच हवा. मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस कन्नूरला थांबते.