मोबाइलवर दोन तास बसतो, मग एडीएचडी कसा?

तिसरीतला मुलगा वर्गात चार ओळी उतरवून पूर्ण करत नाही, मोबाइल दिला की मात्र हलत नाही. म्हणून त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं जड जाणं आणि अतिचंचलता यांचा विकार) असावा, हे शिक्षिकेचं म्हणणं त्याच्या बाबांना पटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण एवढ्यावरून एडीएचडी नाही असं म्हणता येत नाही. या मुलांना लक्ष नसतं असं नाही, ते कंटाळवाण्या कामावर टिकवणं जड जातं. गेममध्ये क्षणाक्षणाला बक्षीस मिळतं, शुद्धलेखनात मिळत नाही.

कारण मुख्यतः आनुवंशिक. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळी कमी वजन यांनी धोका वाढतो. लाडांमुळे हे होत नाही, हे आजी-आजोबांनाही सांगा.

एडीएचडी रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. 'ब्रेन मॅपिंग'वर (मेंदूच्या लहरींचा रंगीत नकाशा काढण्यावर) तर पैसे घालवूच नका. दुर्लक्षाच्या किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी निदान ६, सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, घरी आणि शाळेतही दिसणारी, आणि रोजचं काम अडवणारी, असा निकष आहे. म्हणून प्रश्नावल्या दोन असतात, घरची आणि शाळेची; शाळेची शिक्षिकेनेच भरायची. पालकांनीच दोन्ही भरल्या, तर शाळेतलं चित्र डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

सोबत कान, डोळे आणि झोप तपासा. रात्री घोरत असेल तर ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असू शकतात. झोपमोड झालेलं मूलही दिवसा असंच वागतं. मधेच काही सेकंद टक लावून थबकत असेल, हलवलं तरी भानावर येत नसेल, तर फिटची शंका घ्यावी. तिथे ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) हवाच. अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन किंवा गणित जड जाण्याची) चाचणी वेगळी असते, आणि दोन्ही एकत्र असणं नेहमीचं.

या वयात पालक-प्रशिक्षणाबरोबर औषधाचा विचार होतो. मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकवायला मदत करणारं औषध बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून डॉक्टर आठवड्या-आठवड्याने वाढवतात. साधी गोळी चारेक तासच चालते. दुपारच्या शाळेच्या मुलाला सकाळी सातला दिली, तर वर्गात बसेपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो आणि 'गोळी लागू पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. भूक मरते, म्हणून आधी पोटभर नाश्ता. वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजत राहावं लागतं. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर तो सुरुवातीलाच सांगा.

मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतलं औषध आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते सहसा नसतं. आठवडाभर आधीच सोय बघा. त्याऐवजी ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध दिलं, तर फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात मनाने बंद करू नका.